एकक लिहिले नाही

"एकक कुठाय?" गणिताच्या बाईंनी तिचा आलेखाचा कागद अख्ख्या वर्गासमोर धरला. "आलेख झकास काढलायस. पण हे बाजूचे आकडे कशाचे? चमचे? शिंका? एकक नसलेला आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट!"

वर्ग खिदळला.

रोज मोजता येईल असं काहीही तीन महिने मोजा, असा नववीला गृहपाठ होता. कुणी कुत्र्याचं भुंकणं मोजलं, कुणी आजोबांच्या शिंका. हिने मोजले स्वतःच्या डोक्यातून उपटलेले केस. पुस्तक उघडलं की हात आपोआप वर जायचा. रुंद हेअरबँडखाली बाटलीच्या झाकणाएवढा चट्टा पडला होता. आई म्हणायची, "मनावर घेतलं तर काय होत नाही? तुझ्यात जिद्दच नाही." महिन्यातले वीसेक दिवस हात बरा आवरायचा, आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी आईने फर्मान काढलं: रविवारी पार्लरमध्ये जाऊन सगळं डोकं सफाचट करायचं. केसच नसले तर उपटशील काय? आता या तर्कापुढे कोण बोलणार! रविवार परवावर आला होता.

तास संपला. वर्ग रिकामा झाल्यावर ती बाईंच्या टेबलापाशी गेली. आता मागे फिरायचं नाही हे तिचं ठरलं होतं.

"केस, बाई. एकक केस आहे." तिने हेअरबँड काढला.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला आणि आलेखाच्या एका उंच टोकापासून पुढच्या उंच टोकापर्यंतचे चौकोन मोजले, दिवसाला एक चौकोन. अठ्ठावीस. पुढचे सत्तावीस. मग हळूच विचारलं, "तुझी पाळी कधी येते गं?"

तिने कागदावर तीन जागी बोट ठेवलं. प्रत्येक टोकानंतर दोन-तीन दिवसांनी.

"मी गणिताची बाई, डॉक्टर नव्हे," बाई म्हणाल्या. "पण जे इतकं नेमाने येतं त्याला कारण असतं. पाळीच्या आधी शरीरातली हार्मोन्स वरखाली होतात. काहीजणींचं हे केस उपटणं नेमकं त्याच दिवसांत वाढतं, असं मी वाचलंय. डॉक्टरांना दाखव हा कागद."

घरी आई शिलाई मशीनवर होती. गळ्यात टेप, मांडीवर गिऱ्हाइकाचा शर्ट. लेकीने कागद थेट सुईपुढे ठेवला.

"रविवारी पार्लर नाही. डॉक्टर." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सगळं खापर हार्मोन्सवर! बरंय, सोयीचं झालं." आई फणकारली खरी, पण कागद तिने उचलला. मग गळ्यातली टेप काढली आणि पहिल्या टोकाची उंची घेतली. दुसऱ्याची घेतली. तिसऱ्याची घेतली. पुन्हा पहिल्यापासून सगळी मापं तपासली.

"बाईंनी आडवं मोजलं," आई म्हणाली. "उभं कुणी मोजलंच नाही. अगं, पाळी तर दर महिन्याला येतेच आहे. मग पहिलं टोक सहा इंच, दुसरं पाच आणि हे साडेतीन. इतकं खाली कुणी आणलं?"

हात आवरेनासा व्हायचा त्या दिवसांत, केस चिमटीत येऊ नयेत म्हणून, लेक दहाही बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून अभ्यासाला बसायची. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.