झोपणारा डबा

तामोत्सुच्या थोरल्या मुलाला, कात्सुहिकोला, जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरातला रविवार होता. जपानमधल्या हिमी बंदरातल्या आपल्या घरात तामोत्सु सकाळपासून एका पत्र्याच्या डब्यासमोर मांडी घालून बसला होता.

डबा एके काळी तांदळाच्या खारट चकत्यांचा. आता त्याच्या आत तळहाताएवढा कॉम्प्युटर होता, जुन्या लॅपटॉपची डिस्क होती, आणि छपरावरच्या अँटेनाची वायर आत गेली होती. टीव्हीवरचा कार्यक्रम टिपून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पंखा नाही, आवाज नाही. काम नसलं की डबा झोपायचा, तेव्हा दीड वॉट. वेळ झाली की आपणहून उठायचा, तेव्हा अठरा. तामोत्सुनं पस्तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचले होते. अठरा हा आकडा त्यानं तीन महिने खपून गाठला होता.

त्याची बायको किनुए दारात बूट घालत होती. दुपारी सव्वाबाराला ताकाओकाच्या सभागृहातून गाण्याची स्पर्धा थेट टीव्हीवर दिसणार होती. तिचा नंबर सातवा. मंगळवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"अहो, चला ना," ती म्हणाली. आवाज आधीच घोगरा झाला होता. "घरच्या माणसाची खुर्ची राखून ठेवतात, अगदी पुढं."

"गुरुवारी डबा उठला नाही. आज नाही उठला तर?"

"तर नाही उठला."

"तिथं ऐकलेलं विरून जाईल, किनुए. इथं राहील. कायमचं."

शेजारीण हिसानो तिला न्यायला आली होती. हातात कागदी पंखा, त्यावर किनुएचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. तिला राहवलं नाही. "भावजी, मी आमचा रेकॉर्डर लावून आलेय. तुम्ही गपचूप चला."

"तुमच्या मशीनमधलं तुमच्या मशीनमध्येच अडकून पडतं. कुलूपच असतं त्याला. मशीन गेलं की तेही गेलं. मला तिचा आवाज मोकळा हवाय."

"मग हा डबा आत्तापासून चालू ठेवा आणि या. झोपवता कशाला त्याला?"

"चालूच ठेवायचा तर झोपणारा डबा केला कशाला?"

"ऐकलंस?" हिसानो किनुएकडे वळली. "अठरा वॉटवर अडलंय घोडं. अगं, आमच्या कुत्र्याची गरम गादी याच्यापेक्षा जास्त खाते!"

किनुए हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "भाताचे गोळे झाकून ठेवलेत. थंड व्हायच्या आत खा." पुन्हा "चला" म्हणाली नाही.

बारा वाजून तेरा मिनिटांनी डबा जागा झाला. आपणहून. तामोत्सुनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. मीटरवर अठरा आले. त्यानं घड्याळाकडे बघितलं. ताकाओकाची गाडी गेल्याला तास होऊन गेला होता.

सातव्या नंबरला किनुए पडद्यावर आली. निवेदक तरुण होता, हसरा होता.

"आज बरोबर कोण आलंय?"

"मैत्रीण आलीय."

"आणि यजमान?"

"ते घरी आहेत. घरात एकजण झोपलाय. तो वेळेवर उठतो की नाही, ते बघत बसलेत."

सभागृह हसलं. निवेदकाला काही कळलं नाही, तरी तोही हसला. रिवाजाप्रमाणे कॅमेरा घरच्या माणसांच्या खुर्च्यांकडे गेला. हिसानो जोरजोरात पंखा हलवत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर किनुएचा कोट घडी घालून ठेवलेला होता.

किनुए गायली. जाळं ओढताना म्हणायचं कोळ्यांचं जुनं गाणं. वरच्या सुरावर आवाज फाटला, तसाच तिनं तो पुढं ओढून नेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. परीक्षकांकडेही नाही. एकच घंटा झाली. एक घंटा म्हणजे नापास. ती कमरेत वाकली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

टिपलेलं उत्तम उतरलं होतं. बोलणं धरून दोन मिनिटं दहा सेकंद, कुठं एक ओरखडा नाही.

इस्पितळातून किनुए परत आली, त्याच संध्याकाळी तामोत्सुनं तिला उशी टेकायला दिली आणि मोठ्या हौसेनं ते लावलं. "आणि यजमान?" असं निवेदक विचारेपर्यंत ती स्वस्थ बसली होती. मग उठली, भिंतीला धरून बटणापाशी गेली, प्लग उपसला आणि आणून त्याच्या हातात ठेवला.

"अगं, असा उपसला तर बिघडेल ना!" तो म्हणाला.

लिहून बोलायला तिला पाटी दिली होती. ती तिनं उचलली नाही.

त्यानंतर तिच्यासमोर ते कधी लागलं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी, किनुए वारली.