पाण्याची बारी

निंबा आबांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. कठडा ओला होता. ओला कसला, वाहता होता. दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर वीतभर रुंदीचा पाट, आणि त्यातून पाणी पायरीपायरीनं खाली धावत होतं, माणसाच्या हाताच्या उंचीवर.

"परमिला," देवळात बोलावं तसे आबा कुजबुजले, "आठे पानीबी जिनावरतीन उतरस व माय!"

प्रमिला हसली. धुळ्याच्या कॉलेजात ती भूगोल शिकवायची. पांझरेकाठी पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या या सत्तरीच्या पाटकऱ्याला स्पेनमधल्या पाटपाण्याच्या परिषदेचं बोलावणं आलं, तेव्हा दुभाषी म्हणून तिला सोबत धाडलं होतं. आज परिषदेला सुट्टी. दहा देशांची वीसेक माणसं ग्रानाडाच्या टेकडीवरची बाग बघायला आली होती.

गाईड सांगत होती, प्रमिला आबांना सांगत होती. मुसलमान सुलतानांनी वर लांब नदी अडवली, डोंगराच्या कडेकडेनं पाट आणला. १४९२ साली, म्हणजे बरोबर पाचशे वर्षांपूर्वी, त्यांचं राज्य गेलं. पुढे त्यांच्या माणसांनाही देशाबाहेर घालवलं. पाटाला मात्र इथले लोक अजून त्यांच्याच अरबी शब्दानं ओळखतात.

"आम्हना बंधाराबी फारुकी राजास्ना येळना शे म्हंतस," आबा म्हणाले. "पन इतलं पानी कसाले? आठे ऊस नही, गहू नही."

प्रमिलानं विचारलं. पिकाचं पाणी खालच्या मळ्यांना जातं, गाईड म्हणाली. हे इथलं नुसतं ऐकायला.

"ऐकाले?"

ज्याची बारी, म्हणजे पाळी, त्याचंच पाणी, मधे सख्ख्या भावालाही येऊ द्यायचं नाही, यात आबांची चाळीस वर्षं गेली होती. पाण्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा डोक्यात फावडंही. त्यांनी टोपी काढली. डोळे मिटले. गाईड बाकीच्यांना घेऊन खालच्या कारंज्याकडे गेली तरी ते तसेच उभे.

प्रमिलानंही डोळे मिटले. मिटायला नको होते. त्या आवाजाबरोबर छकुली आली.

तिची नऊ महिन्यांची लेक छकुली साक्रीला आजीजवळ होती. आज सहावा दिवस. पहिले तीन दिवस प्रमिला हॉटेलच्या मोरीत उभी राहून दूध पिळून काढत होती. परवापासून थेंब नाही. निघताना स्टँडवर ही आजी, म्हणजे सासूबाई धुरपदाबाई, साऱ्या एस.टी.ला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "जाय बाई, इमानमा बसीसन जाय. दूध आटनं ते मंग माले सांगू नको. आनि काढशी ते कोना पायखाले येऊ देऊ नको. झाडना बुडले टाक." आबा तेव्हा शेजारीच वळकटीवर बसले होते, एकाएकी बहिरे झाल्यासारखे.

"रडी राहिनी का व?"

"नाही आबा. काही नाही."

आबा तिच्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. "पाट सुका पडना का नवा गडी घाबरी जास. मी काय करस, दार उघाडाना आगोदर चार ओंजया पानी टाकस. पाटले वल दखाडस. मंग येस पानी." कठड्याकडे बोट करून ते म्हणाले, "ठेव तठे हात."

तिनं मनगटापर्यंत हात बुडवला. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी ते, हाडापर्यंत गार. बोटांपाशी दुभंगायचं, बोटांपुढे पुन्हा एक व्हायचं. साडेसहाशे वर्षं ते असंच वाहत होतं. कडेवर लेकरू घेऊन इथून उतरताना कुणीतरी बाईनं असाच हात घातला असेल. ती गेली, तिचं लेकरू गेलं, तिची भाषा बोलणारं इथं कुणी उरलं नाही. कठडा मात्र हाताखाली गुणगुणत होता, आत्ताच कुणी वरचं दार उघडल्यासारखा.

आणि खांद्यापासून ती ओळखीची कळ निघाली. सुया टोचल्यागत. मग ऊब.

तिनं दोन्ही हातांनी पदर छातीशी गच्च धरला. "आबा..."

"जाय," आबा पाण्याकडेच बघत म्हणाले. "तठे झाडेसमांगे जाय. मी शे आठे."

झाडांमागं पायाखाली पानं चुरडली, तेजपानाचा वास आला. ती बुंध्याशी गुडघे टेकून बसली. पाटाच्या पाझरानं माती ओलीच होती. पडेल तो दुधाचा थेंब लगेच आत घेत होती. प्रमिलाला रडू येत होतं आणि हसूही. सहा दिवसांत पहिल्यांदा झाडाचं बूड सापडलं होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. सगळे वर येत होते. कॅमेऱ्याची खटखट, गाईडचं इंग्रजी. आणि त्या सगळ्यावर आबांचा आवाज, शेतातून शेताला हाक द्यावी तसा.

तिनं पानं बाजूला केली.

जिन्याच्या मधोमध आबा उभे होते. हात दोन्हीकडे पसरलेले, दोन्ही तळवे दोन्ही कठड्यांच्या पाण्यात. खालच्या पायऱ्यांवर वीस माणसं खोळंबली होती.

"काय म्हणताहेत हे?" गाईड इकडेतिकडे दुभाषी शोधत होती. "पाण्यात काही बिघाड आहे का?"

आबांनी मान हलवली. मग पांझरेकाठी सांगत आले त्याच आवाजात, सावकाश, एकेका तोंडाकडे बघत त्यांनी पुन्हा सांगितलं,

"आते ह्या पोरनी बारी शे. बठ्ठा थांबा."

कुणाला एक अक्षर कळलं नाही. सगळे थांबले.