म्हातारी दार उघडत नाही

"ही म्हातारी काढून टाक," मालक म्हणाला. "आजच्या आज."

समोरच्या पडद्यावर एक दगडी खोली होती. खेळातला वीर तिथलं कपाट उचकून, हाताला लागेल ते पोत्यात भरून निघून गेला होता. आता त्या घराची म्हातारी परत आली होती. ती ओरडली नाही. उघडे खण तिनं एकेक करून लावले आणि जमिनीवर बसून राहिली.

"म्हातारी राहणार," सावकारीण म्हणाली.

हे नाव तिला ऑफिसनं दिलं होतं. ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि चार वर्षं रखडलेला एक व्हिडिओ गेम. राक्षस, जादूगार, लढाया हे इतरांचं काम. लूट आणि बाजार तिचा. ती या धंद्यात आली तेव्हा तिशी उलटून गेली होती, पण आल्या आल्या तिनं सगळ्यांचे नियम बदलायला घेतले. माणसाला दोनच तलवारी पेलतील. तिसरी उचलली की पळता येणार नाही. रक्तानं माखलेलं चिलखत दुकानदार हातात धरणार नाही, धरलं तर आधी विचारेल, कोणाच्या अंगावरचं? आणि गावातली वस्तू त्याच गावात विकायला काढली, तर कोणीतरी ती ओळखेलच.

"लोक दिवसभर राबून येतात," मालक म्हणाला. "घटकाभर त्यांना वीर व्हायचं असतं. तू त्यांना चोर ठरवतेस."

"मी कुठे ठरवते? दुसऱ्याचं कपाट ते उघडतात."

"वीस जणांना खेळायला दिलं. चौदा जणांनी या घरापाशी खेळ सोडला. चौदा!"

"म्हणजे सहा जण पुढे गेले."

मालकानं कपाळाला हात लावला. "तुझ्याशिवायही हा खेळ पुरा होईल, लक्षात ठेव."

"करा पुरा. म्हातारी गेली की मीही जाते. दोघींचा हिशेब एकदमच मिटेल."

पलीकडच्या टेबलावर प्रोग्रामरनं मान खाली घातली. तिच्या हट्टाची चव त्यानं घेतली होती. वीराच्या हातांची हालचाल तिनं त्याच्याकडून तीनदा बदलून घेतली होती. वीर वरचा खण आधी उघडायचा.

"खालचा आधी," ती म्हणाली होती. "वरचा आधी उघडला तर तो लावल्याशिवाय खालचं दिसत नाही. तेवढा वेळ कोणाकडे असतो?"

"तुला बरं माहीत!"

"माहीत आहे."

तिचा चेहरा बघून त्यानं पुढे विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो मालकाच्या कानाशी लागला होता.

मालकाशी वाद झाला त्या संध्याकाळी घरी आईनं पानात भाजी वाढता वाढता विचारलं, "अजून तेच घर चाललंय का?"

"हो."

"किती वर्षं उगाळणार आहेस? गेलं ते काही परत येत नाही."

"तेच तर दाखवायचंय, आई."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण म्हातारी पुसायची तर ती माझ्या हातून पुसली जाणार नाही."

आईनं पोरीच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

दुसऱ्या दिवशी मालकानं शेवटची संधी दिली. नवा माणूस बसवायचा, आणि तो त्या घरापाशी उठला तर म्हातारी बाद. दातांच्या दवाखान्यातली एक नर्स आली. खुर्ची ओढून तिनं हेडफोन चढवले आणि तासाभरात तीन राक्षस लोळवले. मग म्हातारीच्या घरात शिरली. एक तांब्याची झारी उचलली आणि बाजारात विकून मोकळी झाली.

खेळातला दुसरा दिवस उजाडला. म्हातारी दुकानासमोर उभी होती. झारीकडे नुसती बघत होती.

नर्सचा हात थबकला. मालक खुर्चीत पुढे सरकला.

नर्सनं आपली चांगली तलवार देऊन झारी परत घेतली आणि म्हातारीचं घर गाठलं. आतून कडी होती. तिनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.

"उघड ना गं!" ती पडद्यालाच म्हणाली. मग हेडफोन काढून मागे वळली. "ही दार कधी उघडते?"

"उघडत नाही," सावकारीण म्हणाली.

"झारी परत दिली तरी?"

"तरी."

सावकारीण ताठ उभी होती. तिनं कोणाला गळ घातली नाही.

"थांबा जरा," नर्स म्हणाली आणि हेडफोन पुन्हा चढवले. "झारी उंबऱ्यावर ठेवते. मग पुढे जाते."

ती चार तास खेळली. जाताना विचारून गेली, खेळ बाजारात कधी येणार म्हणून.

मालकानं हार मानली, आणि मनापासून मानली. आठवड्याभरात जाहिरातीचा मजकूर तयार करून तो स्वतः तिच्या टेबलापाशी आला.

"तू आधीच सांगायचंस गं," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रोग्रामर बोलला होता, पण मी मनावर घेतलं नाही. नाहीतर त्या दिवशी असा बोललो नसतो."

"काय सांगायचं होतं?"

त्यानं कागद पुढे केला. एका ओळीखाली रेघ मारली होती: 'या खेळातली लूट आणि बाजार रचणाऱ्या बाईंचं स्वतःचं घर एकदा चोरांनी फोडलं होतं.'

"हे वाचलं की म्हातारीबद्दल कोणी तोंड उघडणार नाही," मालक म्हणाला. "खाली सही कर."

प्रोग्रामर काम थांबवून बघत होता. सही करणं सोपं होतं. तिनं पेन उघडलं, ती ओळ खोडली, खाली सावकाश काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद परत दिला.

"असंच छापायचं," ती म्हणाली. "नाहीतर माझं नाव घालू नका."

मालकानं चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'माझं घर कोणी फोडलं नाही. मी फोडली. अकरा.'"