डाव्या कानामागची गाठ

"दिसला काय?" किसनरावानं दुपट्ट्याच्या आतून विचारलं.

"अबे, आत्ताच तं आलास. बस. रस पी," खुशालराव म्हणाला.

"रसासाठी तोंड सोडा लागन."

"मंग नको पिऊ. मर उन्हात."

अमरावतीच्या त्या मैदानाच्या कडेला रसवंतीच्या मांडवाखाली तिघं मित्र बसले होते. समोर पोरापोरींचा मेळा जमला होता. सात रंगांचे कागदी पंखे, सात रंगांच्या ओढण्या, आणि एक मिशीवाला गडी नऊवारीत, नाकात नथ. ढोलवाले ढोल तापवत होते. आठवडाभर इथे प्राइडचा उत्सव चालला होता, एक दिवस सिनेमा, एक दिवस गाणी, आणि आज शेवटची फेरी. खुशालराव गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फेरीचा फलकही त्यानंच रंगवला होता. रोजचे फोटो तो अकोल्याला किसनरावाच्या फोनवर धाडायचा, आणि किसनराव पापड वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊन एकेक चेहरा मोठा करून बघत बसायचा.

स्वप्निल, त्याचा एकुलता एक लेक, पहाटेच निघाला होता. "उद्या अमरावतीले काम हाये," असं तो आदल्या दिवशी जेवताना बोलला, तेव्हा किसनरावानं हातातला घास परत ताटात ठेवला. कसलं काम, हे त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. जाईबाईनं पोराच्या कपड्यांना कडक इस्त्री करून दिली. पोरानं बूट असे घासले की त्यात तोंड दिसावं.

"लेकरू कसं रुबाबदार दिसते माहं!" जाईबाई म्हणाली. किसनरावाला तिच्याकडे बघवेना.

मागोमागची बस धरून तो निघाला. घरी सांगितलं, खुशालचा गुडघा धरलाय. जाईबाईनं लगेच कुरड्यांचा डबा भरला. बिनबायकोच्या माणसाची तिला भारी कणव. किसनराव अमरावतीला कधी रिकाम्या पिशवीनं गेला, असं तिनं होऊ दिलं नव्हतं.

दुपट्टा त्यानं बसमध्येच बांधला. ऊन तापायला लागलं की वऱ्हाडात अर्धं गाव असंच तोंड बांधून फिरतं, कोणी वळून बघत नाही. गाठ डाव्या कानामागे, दुहेरी, टोक आत खोचलेलं. त्याची ती जन्माची पद्धत. पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा त्यालाही तशीच शिकवली होती. डोळे सोडले तर आज काही दिसत नव्हतं, आणि आपण ओळखू येणं शक्यच नाही याची किसनरावाला पक्की खात्री होती.

"गाठ पडलीच त्याची, तं काय करशीन?" शालिकरामनं विचारलं. हा परतवाड्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा आणि बोलायचाही तसाच, गचके देत.

"ते पाहिल्यावर समजन."

"आन जाईबाईले कळलं तं?"

"ते अंथरूणच धरन. आन तिचा भाऊ? त्याचं तं इथल्याच चौकात भांड्याचं दुकान हाये. तो मले तोंड वर काढू द्याचा नाई."

"मंग घरी चाल न बे. काहून जिवाले घोर लावून राहिला?"

"नाई," किसनराव म्हणाला. "दरसाली चूपचाप घरी बसलो. यंदा नाई."

खुशालरावानं रसाचा गिलास खाली ठेवला, आणि उगाच पुन्हा उचलला.

रंगाची डबी घेऊन एक पोरगी आली. गळ्यात नावाची पट्टी, प्रणाली. "काका, गालावर रंग लावू?"

"गाल कोठी हाये त्याले?" शालिकराम खिदळला.

तिनं किसनरावाच्या हातावर रंगीत पट्टा ओढला. तो पुसायला त्यानं बोट नेलं, मग राहू दिला.

ढोल वाजला. "काठावरून काई समजत नाई," खुशालराव उठत म्हणाला. "आत शिरा लागते." त्यानं किसनरावाचा हात धरला. "हरपशीन गर्दीत."

आत शिरल्यावर गर्दीच माणसाला चालवते. शालिकराम नऊवारीवाल्या गड्यासमोर फेर धरून नाचायला लागला. पंखे हलत होते, कोणी गुलाबाच्या पाकळ्या उधळत होतं. कोणीतरी किसनरावाच्या मोकळ्या हातात कागदी झेंडा दिला. त्याची पावलं त्याला न विचारताच ढोलाशी जुळली होती. डोळे मात्र फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर. कोणी रुंद पाठीचा दिसला की पाऊल चुकायचं.

"हास न जरा. कोण पाहून राहिलं तुले?"

"हसूनच राहिलो. दुपट्ट्यात."

तेवढ्यात शालिकराम घामाघूम पळत आला. "पुढं हाये. चौकात. उजव्या अंगाले."

किसनराव थबकला. मागची पोरं त्याच्यावर आदळली.

"बोळीतून निघू?" खुशालरावानं विचारलं. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

किसनरावानं बोळीकडे पाहिलं. बोळ मोकळी होती. "नाई," तो म्हणाला, आणि चालायला लागला. कुणाचा तरी पंखा दुपट्ट्यात अडकला, ओढला गेला, कानामागे काहीतरी ढिलं झालं. एका हातात झेंडा होता. दुसरा हात त्यानं सोडवला नाही.

चौकात आडवी दोरी धरून पोलिसांची रांग उभी होती. कडक इस्त्रीची खाकी, लख्ख बूट. ज्याच्या नजरेला पडू नये म्हणून किसनराव सकाळपासून तोंड बांधून फिरत होता, तो शिपाई त्याच्या डाव्या कानामागे बघत होता. मग त्याची नजर खाली आली, खुशालरावाच्या बोटांत गुंतलेल्या बोटांवर, आणि तिथंच थांबली.

"बाबा, गाठ सुटून राहिली," समोर बघतच स्वप्निल हळू म्हणाला. "मामा दुकानाच्या पायरीवर उभे हायेत. खुशालकाका, तुमीच बांधून द्या न. माहे हात गुंतले."