पळसाच्या पानांचा विजयकुमार

"पीठ मळून दे," म्हणत पार्वतीबाईंनी परात सुनेपुढे आदळली. "जोशी खोळंबलेत."

"न्हाई मळनार."

वैष्णवी चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, ती हललीसुद्धा नाही. हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. त्या बांगड्यांवरून सकाळपासून या घरात दोनदा भांडण पेटलं होतं, आणि तिसऱ्यांदा पेटायला आता काडीचीही गरज नव्हती.

बाहेर ओसरीवर जवळच्या गोरेगावहून आलेले जोशी गुरुजी पळसाची पानं रचून माणसाचा आकार करत होते. देह सापडला नाही की असा पुतळा करायचा, कणकेचं डोकं करून त्याला लावायचं, अंगाला कणकेचा लेप द्यायचा, आणि माणूस जाळावा तसा तो ओढ्याकाठी नेऊन जाळायचा. हा पुतळा विजयकुमारचा होता. पार्वतीबाईंचा थोरला मुलगा, वैष्णवीचा नवरा. हवाई दलाच्या मालवाहू विमानातून तो ईशान्येकडच्या डोंगरांत निघाला होता. विमान ढगांत शिरलं ते पलीकडे निघालंच नाही. तिकडे पाऊस थांबत नव्हता, दऱ्या धुक्यानं भरलेल्या, शोधायला गेलेली हेलिकॉप्टरं रिकामी परतत होती. फोनवरचा साहेब दर वेळी हिंदीत तेच सांगायचा, हवामान सुधारलं की पुन्हा शोधू, तोवर बेपत्ता म्हणा.

वैष्णवी तेच म्हणत होती. घराला मात्र ते पेलवत नव्हतं. धाकट्या हरीशची सोयरीक डोंगरकडा गावात ठरलेली, आणि मुलीकडच्यांनी निरोप धाडला होता की घरातलं माणूस असं अधांतरी असताना आम्ही अक्षता टाकणार नाही, काय ते एकदा ठरवा.

सासरे रामकिशन स्वयंपाकघराच्या दारात आले. "काहून अडून बसली ही?"

"आभाळ मोकळं होऊ द्या की, मामंजी," वैष्णवी म्हणाली. "फौज अजून बेपत्ता म्हनून राहिली. तुमीच काहून त्यांना मारून राहिले?"

"मी मारून राहिलो?" रामकिशननी चौकटीवर थाडकन हात आपटला. "माझं लेकरू तिकडं कोन्या दरीत भिजत पडलंय. त्याला ना आग, ना पानी. बापानं एवढं बी करू न्हाई का?"

त्यात खोटं काही नव्हतं. ढग भरून आले की हा माणूस कामधाम टाकून अंगणात उभा राहतो आणि वर बघत बसतो, हे वैष्णवीनं पाहिलं होतं. तिला त्यांची दया यायची. आज त्या दयेचाच तिला संताप आला.

"हरीशभाऊच्या लग्नाची घाई झाली, असं सरळ म्हना ना."

ओसरीवर हरीशनं मान खाली घातली. पार्वतीबाई मात्र उसळल्या. "जिभेला काही हाड? सुट्टी बाकी होती त्याची. मी म्हनलं ऱ्हा, तू म्हनली जा. नवऱ्याला बढती पाहिजे होती हिला! धाडलंस तू, अन् आता कुंकू लावून आमालाच शिकवायली?"

हे वर्मी लागलं. जा म्हटलं होतं, वैष्णवीनं खरंच म्हटलं होतं.

"सरक तिकडं!" पार्वतीबाईंनी परात स्वतःकडे ओढली. "तुझ्या हातचं नकोच. लग्न होऊन आली तवा मळलेल्या कनकेवर बोटं उठवायची बी अक्कल नव्हती. पिंडावानी गुळगुळीत गोळा ठेवला होतास माझ्यापुढं. जित्या मानसाच्या खान्यावर बोटं उठवावी, मेल्याचं तेवढं गुळगुळीत, हे बी मीच शिकवलं तुला."

आणि त्या मळायला बसल्या. पाणी ओतलं, पीठ कालवलं, मुठी रोवल्या. तोंडाचा पट्टा सुरूच. सुनेच्या माहेराचा उद्धार झाला, मग विमान बनवणाऱ्यांचा, मग तिकडच्या ढगांचा. हात आपलं काम करत होते, तोंड आपलं. कणीक घट्ट झाली तसा त्यांनी गोळा वळला, वरून तेलाचा हात फिरवला, थापटला आणि परात पुढे सरकवली.

"न्या. ठेवा एकदाचं डोकं त्याच्या धडावर."

रामकिशन परातीकडे वाकले. पण वैष्णवीनं आधीच तिची कड धरली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "बगा."

गोळ्यावर चार बोटं उठली होती. खोल, शेजारी शेजारी, रोजच्यासारखी.

पार्वतीबाईंनी गोळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. पीठ अजून नखांत होतं.

"त्याला काय व्हतंय?" रामकिशन म्हणाले, पण त्यांचा आवाज बसला होता. "पुसून टाक की."

पार्वतीबाईंनी हात पुढे केला. तळवा त्या चार खळग्यांवर ठेवला. एकदा फिरवला असता तरी पुरलं असतं. तळवा तसाच राहिला.

"आना बाई पीठ," ओसरीवरून जोशींची हाक आली. "ऊन चढून राहिलं."

रामकिशननी परात उचलायला हात घातला. पार्वतीबाईंनी ती हिसका देऊन ओढली आणि मांडीशी धरली.

"अन् तू काय तोंड बघत बसली, अवदसे?" त्या सुनेवर खेकसल्या. "तवा ठेव."