उलटा खटका

पोहण्याच्या तलावाचं कुंपण बघून तपासनिसाने कपाळावर हात मारला.

“काकू, फाटकाचा खटका बाहेरून बसवलाय! एखादं पोर सहज आत जाईल, पण बाहेर कसं येईल?”

“आमच्याकडे लहान मूल नाही,” घरमालकीण काकू म्हणाल्या. “आहे तसंच राहू द्या.”

“नियम म्हणजे नियम.” त्याने स्वतःच पेचकस काढून खटका आतल्या बाजूला बसवला. काकूंनी घरात जाऊन दाराला कडी घातली.

भर दुपार होती. पाण्यावर साधा तरंगही नव्हता. तो गाडीत बसला, तेवढ्यात खटका वाजला. फाटक उघडलं आणि नियमाप्रमाणे आपोआप मिटलं. अंगणात चिटपाखरूही नव्हतं.

त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. मागच्या सीटवर कुणीतरी शहाण्या मुलासारखा सीटबेल्ट लावून घेतला.