डब्यातला वेळ

वेल्डरने डब्यातलं उरलंसुरलं कार्बाइड काट्यावर ओतलं आणि तोंड वाकडं केलं. जेमतेम आठशे ग्रॅम.

दवाखान्याच्या पंपाचं बिडाचं कवच निखाऱ्यांवर तापत होतं. त्याला वीतभर तडा होता. पंपवाला दारातच उकिडवा बसला होता.

"सकाळपासून वॉर्डात थेंब नाही, उस्ताद."

"सांधायला पाऊण तास हवा. मधेच ज्योत गेली तर बीड काचेसारखं तडकेल. मग कवच भंगारात."

"नवं यायला महिना लागतो."

"आणि माझा नवा डबा परवा." वेल्डरने कार्बाइड रिकाम्या टाकीत टाकलं. त्यावर पाणी ठिबकलं की गॅस निघायचा. "पाणीच जास्त सोडतो. गॅस वाढेल."

"विहीर ओतलीत तरी वाढणार नाही, बाबा," जेवणाचा डबा घेऊन आलेली मुलगी म्हणाली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. "पीठच संपल्यावर पाण्यात काय मळणार?"

"आल्या मास्तरीणबाई." पण त्याने पाण्याच्या नळावरचा हात काढला.

तिने खडू घेऊन भिंतीवर मांडलं. "पाचवा हिस्सा कचरा. उरलं सहाशे चाळीस. चौसष्ट ग्रॅममधून आजच्या उन्हात चोवीस लिटरच्या वर गॅस निघतो. हे त्याच्या दहापट." तिने नॉझलवरचा आकडा वाचला. "हा तासाला तीनशे लिटर खातो. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. वर थोडी."

"तीस वर्षं मी वासावर ओळखतोय."

"मग वासावर सांगा."

त्याने कवचाकडे पाहिलं, पंपवाल्याकडे पाहिलं, आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

मग फक्त ज्योतीचा आवाज. सांधा बोटाबोटाने पुढे सरकत होता. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाखाली नखं कुरतडत उभी होती. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तडा मिटला.

"झालं की, बंद करा," पंपवाला म्हणाला.

"थांब." वेल्डर सांध्यावरून ज्योत हळूहळू फिरवत राहिला. बिडाला एकदम गार होऊ द्यायचं नसतं, हे खरं. पण त्याची नजर आता घड्याळावर होती.

अठ्ठेचाळीस झाली. ज्योत निळीच.

"चुकली की पोरगी," पंपवाला हसला.

"वर थोडी, म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

एकोणपन्नासावं मिनिट सरता सरता ज्योत पिवळी पडली, आखडली आणि फट् करून विझली.

टाकीच्या वरच्या भांड्यात पाणी अर्धंअधिक तसंच होतं.

वेल्डरने कवच राखेत पुरलं. मग चष्मा कपाळावर सारून रिकामा डबा उचलला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. तळाशी चिमूटभर करडी धूळ होती.

"एवढा वेळ," तो म्हणाला, "ह्यात होता."